बुग्याळाची माती मोजताना

उत्तरकाशीजवळच्या दयारा बुग्याळावर मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायला मी दोन मोसम गेलो. बुग्याळ म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरचं हिमालयातलं गवताळ कुरण. तिथे जे शिकलो ते हे, चुकांसकट.

१. काळ्या रंगाला भुलू नये. आमच्या शेतातली माती काळीभोर, पण तपासणीत कर्ब जेमतेम अर्धा टक्का. बुग्याळावरची माती हातात घेतली तर हलकी, मुळांनी विणलेली. थंडीमुळे मेलेली मुळं लवकर कुजत नाहीत, म्हणून कर्ब साठत जातो. वर गवत बोटभर, ठेव सगळी खाली.

२. खडे वजा करा. हेक्टरी साठा काढताना कर्बाची टक्केवारी, मातीची घनता आणि खोली यांचा गुणाकार करतात. लोखंडी नळीने काढलेले नमुने मी १०५ अंशांवर सुकवले आणि खड्यांसकट तोलले. टक्केवारी मात्र घेतली चाळलेल्या बारीक मातीची. आकडा मस्त फुगला! मी खूश. सरांनी एवढंच विचारलं, "चाळणीवर उरलेलं कुठे गेलं?" पुढचा आठवडा जुने नमुने पुन्हा चाळण्यात गेला.

३. आधी घळ, मग गवत. उतारावरची हिरवळ एकदा फाटली की पाऊस मातीबरोबर कर्बही नेतो. तिथे नुसतं बी टाकणं म्हणजे पाण्यात टाकणं. दयाऱ्याला वन विभागाने काथ्याच्या जाळ्या, बांबू आणि पिरूल, म्हणजे चीडाच्या वाळक्या सुया, वापरून घळी अडवल्या. सगळंच कुजून मातीत जाणारं. मला ही गोष्ट फार आवडली.

४. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, तेव्हा आम्ही ट्रेकर मंडळींनी बोटं मोडली होती. त्याआधी तंबूभोवती पाण्यासाठी चर मीही खणला होता, चांगला वीतभर खोल. घळ सुरू व्हायला तेवढी रेघ पुरते.

५. हिरवं दिसलं म्हणून कर्ब परतला असं नाही. दुसऱ्या मोसमात जाळीतून कोंब वर आले होते, फोटो छान आले. कर्बाचा आकडा जागचा हलला नव्हता. इतक्यात हलणारही नव्हता. निघताना प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकून आलो. पुढचे नमुने काढणारा बहुधा मी नसेन.