करडाचा वाटा

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात ज्याला शेत थोडे, त्याला शेळीचा आधार मोठा. मुलांच्या शाळेचा खर्च असो की दवाखान्याचा, एक बोकड विकला की नड भागते. पण बोकड विकायचा, तर आधी करडू जगले पाहिजे.

कळमनुरीकडच्या एका घरची गोष्ट समजा. शेळी व्याली. जुळी करडे झाली. उस्मानाबादी शेळीला जुळी पुष्कळदा होतात. एक करडू धट्टेकट्टे, दुसरे बारीक. महिन्याभरात पहिले उड्या मारू लागले. दुसऱ्याच्या मात्र बरगड्या दिसू लागल्या.

सून म्हणाली, "आत्या, ह्याचं पोट भरत नाही बघा."

सासू म्हणाली, "अगं, गव्हाणीत एवढा पाला टाकतो. खाईल की ते बी."

"कुठं खाऊ देतात? मोठ्या शेळ्या शिंगं मारून हाकलतात त्याला. आन् दूध प्यायला गेलं, तर दुसरं ढकलून देतं."

सुनेचे म्हणणे खरे होते. गव्हाण भरली म्हणजे सर्वांचे पोट भरले, असे नाही. जो बळकट, तो खातो. लहान उपाशी राहते.

मग करडाला कसे वाढवावे?

पहिला चीक. करडू जन्मले की तासाभरात त्याला आईचा चीक पाजा. चिकात रोगाशी लढण्याची शक्ती असते. ती शक्ती पहिल्या दिवशीच करडाच्या अंगात नीट उतरते. म्हणून खरवसासाठी चीक काढू नका. आधी करडाचे पोट भरू द्या.

मग दूध. करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे दूध त्याला रोज लागते. करडू 3 किलोचे असेल, तर साधारण 300 मिलिलिटर. ते तीन-चार वेळा विभागून मिळावे. जुळी असतील, तर अशक्त करडाला आधी आचळाला लावा.

मग चारा. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. जन्मतः करडाचा चारा पचवणारा मोठा कप्पा लहान असतो. दोन आठवड्यांनी करडू पाला चघळू लागते. जसजसे ते चारा खाते, तसतसा हा कप्पा वाढतो. तेव्हा शेवरीचा, सुबाभळीचा, बोरीचा कोवळा पाला उंच टांगून ठेवा. जमिनीवर टाकला, तर तो लेंड्या-मुताने घाण होतो. मका किंवा ज्वारीची भरड, थोडी पेंड आणि चिमूटभर मीठ कालवून द्या. महिन्याच्या करडाला रोज 50 ग्रॅम पुरे. पुढे हळूहळू वाढवा. एकदम जास्त दाणा दिला, तर पोट फुगते, हगवण लागते. पाणी स्वच्छ ठेवा.

आता मुख्य गोष्ट. हा खुराक मोठ्या शेळ्यांपुढे ठेवू नका. गोठ्याच्या कोपऱ्यात बांबूच्या काठ्यांचे कुंपण करा. दोन काठ्यांत अशी फट ठेवा, की करडू सहज आत जाईल, पण मोठ्या शेळीचे अंग शिरणार नाही. करडे वाटेल तेव्हा आत जातील, खातील, बाहेर येतील. आई जवळच असेल. तीन महिन्यांनी करडू दूध सोडून चाऱ्यावर राहू शकते.

सुनेने तसे कुंपण केले. बारीक करडू पहिल्याच दिवशी आत शिरले. मोठी शेळी बाहेरून बघत राहिली.

संध्याकाळी सासूने चहा मांडला. दूध काढायला तिने भांडे उचलले आणि परत ठेवले.

"आज चहा कोराच पिऊ," ती म्हणाली. "त्याला पिऊ दे."

सांगा पाहू :
1. चीक कधी पाजावा?
2. 4 किलोच्या करडाला रोज किती दूध लागेल?
3. तुमच्या गोठ्यात करडांचा खुराक कोण खाते? आज जाऊन पाहा.