सर्टिफिकेटचे पहिले पान नव्हे, स्कोपची यादी वाचा

प्रश्न : आमचे वीस खाटांचे नर्सिंग होम आहे. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायथर्मी, डीफिब्रिलेटर यांची एएमसी ज्या कंपनीकडे आहे, तीच दरवर्षी ‘इलेक्ट्रिकल सेफ्टी’चे सर्टिफिकेट देते. तिच्या लेटरहेडवर आयएसओ 9001 छापलेले आहे. वायरिंग आणि अर्थिंगचा अहवाल परवानाधारक कंत्राटदार देतो. आता एनएबीएच मानांकनाच्या तयारीत सल्लागार म्हणतात, ‘एनएबीएल’वाल्यांकडून तपासून घ्या. त्यांचा दर तिप्पट आहे. हे कायद्याने बंधनकारक आहे का? नसेल तर जादा पैसे का मोजायचे? — एक डॉक्टर, सांगली

उत्तर : डॉक्टर, रुग्णालयात वापरात असलेले प्रत्येक यंत्र मान्यताप्राप्त संस्थेकडूनच तपासून घ्या, असे सरसकट बंधन घालणारा एकच कायदा नाही. आहेत ते तुकडे. वायरिंग आणि वीजजोडणी 2003च्या विद्युत कायद्याखाली, म्हणजे विद्युत निरीक्षकाच्या कक्षेत येते. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि ठरावीक मुदतीने गुणवत्ता-चाचणी लागते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि थर्मामीटर वैधमापन विभागाकडे जातात. 2017चे वैद्यकीय उपकरण नियम मुख्यतः उत्पादन, आयात आणि विक्री यांच्यासाठी आहेत. उत्पादकांसाठी चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना त्यांत नोंदणी घ्यावी लागते, पण तुमच्या आयसीयूत पाच वर्षे चाललेल्या मॉनिटरपर्यंत तो धागा पोहोचत नाही. एनएबीएचला यंत्रांची नियमित तपासणी, कॅलिब्रेशन आणि नोंदी हव्या असतात. तेव्हा ‘कायदा सांगतो म्हणून करा’ असे मी म्हणणार नाही. तरीही सल्लागारांचा आग्रह अनाठायी नाही.

कंत्राटदार आणि यंत्रतपासनीस यांचे काम किती वेगळे आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. घरातला ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होतो. ज्या उपकरणाचा भाग थेट हृदयाशी जोडला जाऊ शकतो, त्या ‘सीएफ’ गटासाठी आयईसी 60601-1 या मानकात नेहमीच्या स्थितीतली रुग्ण-गळती 10 मायक्रोअँपिअरच्या आत लागते आणि एखादा दोष उद्भवला तरी 50 च्या आत. म्हणजे नेहमीच्या स्थितीतली मर्यादा ही घरच्या मर्यादेचा तीन हजारावा भाग. मेगर आणि क्लॅम्पमीटर घेऊन आलेल्या माणसाला, तो कितीही प्रामाणिक असो, ही गळती दिसणारच नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी आगीत दहा नवजात बालकांचा जीव गेला, तेव्हापासून ‘ऑडिट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण इमारतीच्या वायरिंगचे ऑडिट स्वच्छ निघाले म्हणून खाटेशेजारचे यंत्र सुरक्षित ठरत नाही.

आता लेटरहेडकडे वळू. आयएसओ 9001 हे कंपनीचा कारभार शिस्तीत चालतो एवढेच सांगते. 10 मायक्रोअँपिअर अचूक मोजता येतात की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. त्यासाठी चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी 17025 लागू होते आणि भारतात ती मान्यता एनएबीएल देते. तपासणी संस्थांसाठी 17020 आहे, ती मान्यता एनएबीसीबी देते. पण इथेही फसायला जागा आहे, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ही मान्यता कंपनीला सरसकट मिळत नाही; ठरावीक पत्त्याला, ठरावीक चाचणीला, ठरावीक पल्ल्याला मिळते. सर्टिफिकेटला जोडलेल्या ‘स्कोप’मध्ये इन्फ्युजन पंपाचा प्रवाह असेल, डीफिब्रिलेटरची ऊर्जा असेल आणि गळती-विद्युतप्रवाह नसेलही. मग त्या संस्थेने गळतीवर दिलेला शेरा मान्यतेबाहेरचा ठरतो आणि त्यावर एनएबीएलचे चिन्ह लावता येत नाही. स्कोप एनएबीएलच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. तिप्पट दर सांगणाऱ्याचाही पाहा. महाग आहे म्हणून तो मान्य असेलच असे नाही.

‘यंत्र दुरुस्त करणाऱ्यालाच त्याची नाडी ठाऊक असते,’ हा आक्षेप मला अर्धा पटतो. दुरुस्तीसाठी तोच माणूस हवा. पण स्वतः बसवलेल्या पार्टला स्वतःच ‘पास’ म्हणणे यात गोम आहे, आणि मानकानेही ती ओळखली आहे. 17020च्या 2012च्या आवृत्तीत तपासणी संस्थांचे ए, बी, सी असे प्रकार आहेत. ‘ए’ प्रकारच्या संस्थेला ज्या वस्तू तपासायच्या, त्यांची रचना, पुरवठा किंवा देखभाल यांत गुंतता येत नाही. ‘बी’ ही मूळ संस्थेचाच भाग असून फक्त तिच्यासाठी तपासते. म्हणजे घरच्या माणसाची तपासणी मानकाला वर्ज्य नाही, तो कुठे उभा आहे हे मात्र उघड लिहिलेले हवे. त्यामुळे मान्यता नाही म्हणून चाचणी खोटी, असेही मी म्हणणार नाही. तुमचा बायोमेडिकल इंजिनिअर वापरातल्या यंत्रांच्या चाचणीसाठीच्या आयईसी 62353 मानकाप्रमाणे चाचणी करत असेल, त्याच्या सेफ्टी अॅनालायझरचे कॅलिब्रेशन एनएबीएलमान्य प्रयोगशाळेत झाले असेल आणि आकडे नोंदले जात असतील, तर तो अहवाल नुसत्या ‘ओके’च्या शिक्क्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

पैशाचा मुद्दा रास्त आहे. वीस खाटांच्या रुग्णालयाने सगळेच बाहेरून तपासून घ्यावे असे नाही. डीफिब्रिलेटर, डायथर्मी, व्हेंटिलेटर आणि आयसीयू मॉनिटर आधी घ्या. नेब्युलायझर, सक्शन यांना घरची तपासणी चालेल. उद्या अपघात झालाच, तर रुग्णाचा व्यवहार तुमच्याशी असतो, एएमसी कंपनीशी नव्हे. ग्राहक आयोगापुढे सेवेतील त्रुटीचे उत्तर रुग्णालयालाच द्यावे लागते. कंपनीकडून वसुली हा नंतरचा, वेगळा वाद. आयोगापुढे ‘सर्टिफिकेट होते’ एवढ्याने भागत नाही. ते देणारा त्या चाचणीला लायक होता का, हे तुम्ही पाहिले होते का, असे समोरचा वकील विचारू शकतो. म्हणून एएमसीच्या पुढच्या नूतनीकरणात एक कलम घालून घ्या : प्रत्येक यंत्राच्या अहवालात अनुक्रमांक, मोजलेला आकडा, लागू मर्यादा, अॅनालायझरचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची प्रत असेल, यातले काही नसेल तर त्या फेरीचे बिल मंजूर होणार नाही.