शिसं हलकं ठेव

जिताड्यासाठी खाडीवर निघालायस ना, मग आधी वजनांची डबी उघड. रबरी गांडूळ कुठल्या रंगाचं लावायचं यावर पोरं तासभर वाद घालतात आणि जिगहेड, म्हणजे शिसं ओतलेला गळ, मात्र हाताला येईल तो उचलतात. तू तसं करू नकोस. तळ जेमतेम लागेल एवढंच शिसं हवं. भांगाच्या दिवसांत पाणी संथ असतं, तेव्हा ५-७ ग्रॅम पुरतं. उधाणाला ओढ वाढली की १० किंवा १४ लाव. जास्त जड लावलंस तर गांडूळ धपकन तळाला जातं, आणि मासा तर बहुतेक वेळा ते खाली उतरत असतानाच घेतो.

ओवताना घाई नको. गळ गांडुळाच्या शेजारी धर, टोक जिथे येईल तिथे नखाने खूण कर. मग तोंडाच्या बरोब्बर मधून घालून त्याच खुणेवर बाहेर काढ. तिरकं बसलं तर ओढताना गरगर फिरतं आणि तंगूसाला पीळ पडतो. फेकण्याआधी पायाशी पाण्यात ओढून बघ.

ओहोटी लागली की कांदळवनातल्या लहान वहाळांतून कोळंबी, बोयटं बाहेर येतात. जिताडा वहाळाच्या तोंडाशीच टपलेला असतो. तिथे टाक. तळ लागला की रॉडचं टोक हातभर उचल आणि गांडूळ पुन्हा उतरू दे. उतरताना दोर ताठ नको, फार ढिलाही नको. नजर दोर पाण्यात शिरतो त्या जागेवर ठेव. तिथे तो किंचित बाजूला सरकला, किंवा तळ लागायच्या आधीच थांबला, तर गांडूळ तोंडात गेलेलं आहे. हाताला झटका जाणवायची वाट बघू नकोस, लगेच रॉड उचल.

जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणं फार धारदार असतात, म्हणून पुढे हातभर ४० पौंडी जाड तंगूस बांध आणि बोट तिथे कधी घालू नकोस. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फार मोठा लागला तर ती बहुतेक अंड्याची मादी. पोटाखाली हात देऊन तिला पाण्यात सोड, माझ्यासाठी आणू नकोस.

फाटलेली गांडुळं खिशात ठेव, खाडीत टाकू नकोस. मासे ती गिळतात. उरलेली ज्याच्या त्याच्या पिशवीत घाल. वेगवेगळ्या जातींचं रबर एका डबीत कोंबलंस तर ते एकमेकांना लागून वितळतं.