हरला की पट उधळतो

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा सापशिडीत हरला की पट उधळून देतो. मी मुद्दाम हरावं का?

उत्तर : दर वेळी नको. हरण्याचा सराव आपल्या माणसांतच व्हायला हवा. या वयात मेंदूतला आवेग आवरणारा भाग अजून घडत असतो, म्हणून ‘रडीचा डाव’ म्हणत चिडवू तर मुळीच नका. तुमची सोंगटी सापाच्या तोंडी गेली की मोठ्याने म्हणा, “श्शी! राग आला मला. थांब, एक मोठा श्वास घेते.” मुलं हे बरोबर टिपतात. जोडीला ‘स्टॅच्यू’ खेळा. अशा थांबा-चला खेळांनी बालवाडीतल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा वाढतो, असं अमेरिकेत संशोधक मेगन मॅक्लेलँड यांच्या अभ्यासांत दिसलं. पट उधळलाच, तर तो शांत झाल्यावर सोंगट्या त्यालाच गोळा करू द्या.