दक्षिणेचा पैसा आणि मराठी गद्य
लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’चा अभ्यास करताना आपण सुधारणाविचारापाशीच थांबतो, पुण्याच्या अर्थकारणाकडे वळत नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्या शहराचा आधारच तुटला. एल्फिन्स्टनने दक्षिणा मात्र चालू ठेवली, तिच्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. त्यात औदार्यापेक्षा शहर शांत राखण्याचा हिशेब अधिक होता, असे मला वाटते. १८४९ मध्ये या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांस मिळावा, असा अर्ज सुधारकांनी केला, तेव्हा शास्त्रीमंडळी खवळली. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. वरकरणी हा वाद संस्कृत-मराठीचा. मुळात तो शास्त्र्यांच्या चुलीचा होता. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीने मराठी ग्रंथांना पारितोषिके दिली, पण आश्रयदाता सरकारच राहिले.