पाण्याखालचा कॅमेरा कसा निवडावा?



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळे ओलांडले की नीरा नदीचा पूल लागतो. पावसाळ्यात पुलाखालचे पाणी गढूळ असते. दिवाळीनंतर ते निवळू लागते आणि काठाजवळचे दगड दिसतात. समजा, सारोळ्याच्या परिसरातील एखाद्या शाळेची सहल हिवाळ्यात मालवणला निघाली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ समुद्रात प्रवाळ आहेत. या भागात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर पाण्यात उतरून, प्रवाळाला हात किंवा पाय न लावता, त्याची छायाचित्रे घ्यायची आहेत. शाळेजवळ पैसे बेताचेच आहेत. मग कोणता छोटा कॅमेरा घ्यावा? त्याला पेटी कोणती? भिंगे कोणती?

दुकानदार तुम्हांला जास्त झूम आणि जास्त मेगापिक्सेल यांची महती सांगेल. पण पाण्याचे काही गुणधर्म समजून घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर तुमचे तुम्हांलाच सापडेल.

पाणी प्रकाशाचे काय करते?

पहिली गोष्ट, पाणी प्रकाशाची दिशा बदलते. पातेल्याच्या तळाशी असलेले नाणे पाणी ओतल्यावर वर आल्यासारखे दिसते, हे तुम्ही वर्गात पाहिले असेल. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३, म्हणजे ४/३ आहे. त्यामुळे सपाट काचेतून पाण्यातील वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी भासते. एक मीटरवरचा मासा कॅमेऱ्याला ७५ सेंटिमीटरवर वाटतो आणि तेवढाच मोठाही दिसतो.

दुसरी गोष्ट, पाणी रंग गाळते. सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटर खोलीवर तो फारच थोडा उरतो. मग नारिंगी व पिवळा रंग फिके पडतात, आणि शेवटी सारे निळे-हिरवे दिसू लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रकाशाची वाट पृष्ठभागापासून वस्तूपर्यंतच संपत नाही. वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचे पाणीही त्या वाटेत मोजावे लागते.

तिसरी गोष्ट, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. म्हणून दूरचे दृश्य धुक्यातल्यासारखे पुसट होते.

या तिन्हींतून एकच नियम निघतो : भिंग आणि वस्तू यांच्यामध्ये जितके कमी पाणी, तितके छायाचित्र चांगले. पाण्याखाली दूरचे जवळ आणणारा झूम फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो मधले पाणी कमी करत नाही. आपणच जवळ जायला हवे. पुढची सारी निवड या नियमावरून करायची आहे.

कॅमेरा

छोट्या कॅमेऱ्यात तीन गुण पाहावेत. तो अगदी जवळच्या, काही सेंटिमीटरवरच्या वस्तूवर स्पष्ट प्रतिमा जुळवू शकला पाहिजे. पांढरा रंग कोणता हे आपल्याला त्याला हाताने ठरवून देता आले पाहिजे, म्हणजे निळी झाक बरीच कमी करता येते; त्याने प्रक्रिया न केलेले मूळ चित्र साठवले तर अधिकच चांगले. आणि तिसरा गुण, त्या नमुन्याच्या मापाची जलरोधक पेटी बाजारात मिळाली पाहिजे. कॅमेरा आधी आणि पेटी मागाहून, असा विचार करू नये. पेटी मिळत नसेल, तर उत्तम कॅमेराही आपल्या कामाचा नाही.

पेटी

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भाराने वाढतो. पेटीची मागची बाजू १४ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असेल, तर १० मीटरवर तिच्यावर सुमारे १४० किलोग्रॅमचा अधिक भार पडेल. म्हणून प्रत्येक पेटीवर खोलीची मर्यादा लिहिलेली असते. ती कधीही ओलांडू नये.

पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी स्वस्त असते, आणि आत थेंब शिरला तर लगेच दिसतो. ॲल्युमिनियमची पेटी मजबूत, पण महाग. ती उष्णता लवकर बाहेर टाकते. प्लॅस्टिकच्या पेटीत कॅमेऱ्याने तापलेली दमट हवा गार काचेवर धुके धरते. म्हणून आत सिलिका जेलची पुडी ठेवतात.

पेटीचे खरे रक्षण करते ते तिच्या कडेचे रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग. खोलीवर पाण्याचा दाब झाकण घट्ट दाबतो आणि सांधा अधिकच बंद होतो. उथळ पाण्यात मात्र हा दाब थोडा असतो, आणि कड्यावर अडकलेला एक केस किंवा वाळूचा कण पाण्याला वाट करून देतो. म्हणून प्रत्येक वेळी कडे पुसून, डोळ्यांनी तपासूनच झाकण लावावे. पेटी प्रथम कॅमेऱ्याशिवाय, आत कोरडा टिपकागद ठेवून बादलीत बुडवावी. कागद कोरडा राहिला तरच कॅमेरा आत ठेवावा.

भिंगे

सपाट काचेच्या पेटीत कॅमेऱ्याची दृष्टी अरुंद होते. हवेत कर्णरेषेत ७५ अंश पाहणारे भिंग पाण्यात सुमारे ५४ अंशच पाहते. एक मीटर लांबीचा प्रवाळ चौकटीच्या कर्णरेषेत बसवायला हवेत ६५ सेंटिमीटर अंतर पुरेल. पाण्यात मात्र सुमारे ९७ सेंटिमीटर मागे सरावे लागेल. म्हणजे मध्ये जवळजवळ दीडपट पाणी आले! यावर उपाय म्हणजे पेटीच्या बाहेरून बसवायचे विशालकोन भिंग. ते दृष्टी पुन्हा रुंद करते, आणि आपल्याला जवळ जाता येते. ते पाण्यातच लावता व काढता येते; मात्र भिंग आणि पेटी यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत.

लहान जिवांसाठी निकटदर्शी भिंग वापरतात. साधे काचेचे बहिर्गोल भिंग येथे चालत नाही, कारण काच व पाणी यांच्या वक्रीभवनांकांत फरक थोडा असतो. पाण्यात त्याची शक्ती हवेतल्याच्या सुमारे एक चतुर्थांश उरते. म्हणून पाण्यातल्या अशा भिंगात काचांच्या मध्ये हवा कोंडलेली असते.

प्रकाश

१८९३ मध्ये लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कॅमेरा जलरोधक पेटीत घालून समुद्रात छायाचित्रे घेतली, पण ती बिनरंगी होती. १९२६ मध्ये फ्लॉरिडाजवळ विल्यम लाँगले व चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून झगझगीत उजेड करावा लागला. गेलेला रंग परत आणायचा तर प्रकाश जवळूनच टाकावा लागतो. छोटा दिवा पुरतो. मात्र तो भिंगापासून दूर, बाजूला धरावा. भिंगाशेजारून प्रकाश टाकला तर पाण्यातले कण उजळतात, आणि चित्रात बर्फ पडत असल्यासारखे ठिपके येतात.

रंग खरा का हवा?

प्रवाळाचा रंग बराचसा त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे असतो. समुद्र फार तापला की प्रवाळ या शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला विरंजन म्हणतात. आता तुमच्या चित्रात सर्वच निळे असेल, तर प्रवाळ निरोगी होता की फिकट झाला होता, हे नंतर कोण सांगू शकेल? म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात पांढरी-करडी पट्टी आणि सेंटिमीटरची मोजपट्टी धरावी. शेजारी तारीख व खोली लिहून ठेवावी. असे चित्र पुढच्या वर्षीच्या चित्राशी ताडून पाहता येते.

विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेले पठार आहे. त्याचा उथळ भागही सुमारे २० मीटर खोल आहे. तेथील प्रवाळाची पाहणी प्रशिक्षित पाणबुडेच करू शकतात. १५ मीटर मर्यादेचा जलरोधक कॅमेरा तेथे पेटीशिवाय चालणार नाही. आपल्या सहलीला मात्र तोच पुरेल. म्हणून आधी कॅमेरा व त्याची योग्य मर्यादा, मग दिवा, मग विशालकोन भिंग, या क्रमाने खर्च करावा. निकटदर्शी भिंग शेवटी.

करून पाहा

१. वाचनाचे भिंग बादलीतील पाण्यात बुडवून खालची अक्षरे पाहा. ती किती मोठी दिसतात?

२. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी चकती पाण्यात सोडून पाण्याची स्वच्छता मोजली. डब्याच्या झाकणाला पांढरा रंग द्या, खाली दगड बांधा, आणि गाठी मारलेल्या दोरीने ते कठडा असलेल्या विहिरीत सोडा. शिक्षक बरोबर असू द्या. झाकण दिसेनासे होईल ती खोली नोंदवा. श्रावणात आणि मार्गशीर्षात हा प्रयोग करून आकडे ताडून पाहा. सहल हिवाळ्यातच का काढायची, ते कळेल.

३. १.२ लिटर आकारमानाच्या पेटीचे कॅमेऱ्यासह वस्तुमान १ किलोग्रॅम आहे. पाण्यात सोडल्यास ती तरंगेल की बुडेल? हातातून सुटली तर सापडावी, म्हणून यांपैकी काय बरे?