सहाव्या दिवसाचा अध्याय

लग्नाला अकरा वर्षं झाली, दोह्यातल्या नजमा भागातल्या या घराला नऊ. अजून मूल नाही. या वाटेवर जे कळलं ते लिहिते.

१. तपासणी दोघांचीही, पहिल्याच महिन्यात करा. आमची तीन वर्षं माझ्याच सोनोग्राफीत आणि हार्मोन्सच्या चाचण्यांत गेली. ह्यांची तपासणी सर्वांत शेवटी झाली आणि दोष तिथेही निघाला. ती तीन वर्षं मला अजून टोचतात.

२. माहेरी गुरुचरित्राचा सप्ताह असे. इथे हे वाचतात, मी ऐकते. सहाव्या दिवशी ३९ वा अध्याय येतो. गाणगापूरच्या गंगा नावाच्या साठ वर्षांच्या निपुत्रिक बाईला श्रीगुरू अश्वत्थाची सेवा सांगतात आणि तिची कूस उजवते. वर्षानुवर्षं मी तो अध्याय हक्क सांगितल्यासारखा ऐकला: एवढं केलं, आता दे. दुसरं आयव्हीएफ फसलं त्या वर्षी मात्र मी मधेच उठून गॅलरीत गेले. हे थांबले नाहीत, आवाज थोडा चढवून वाचत राहिले. तेव्हा पहिल्यांदा कानावर नीट पडलं: गंगा रोज आरती घेऊन येत होती ती वर मिळण्याच्या आधीपासून. मागणंही पुढच्या जन्मासाठीच होतं. त्यानंतर मी नवस बोलले नाही. निरांजन मात्र रोज लावते.

३. ‘देवाच्या कामात ढवळाढवळ कशाला?’ असं एका जवळच्या बाईंनी विचारलं. मला ते पटत नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांमुळे टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली. २०१६ मध्ये तीही आई झाली. डॉक्टरांच्या त्या हातांत देव नव्हता असं मी कसं म्हणू?

४. डोहाळजेवणाला जाववलं नाही तर जाऊ नका. एकदा ओटी भरताना मला हळूच वगळलं गेलं. घरी येऊन खूप रडले. शेजारच्या मल्याळी चेचीने काही न विचारता चहा करून दिला.

५. सध्या आयव्हीएफची तिसरी सायकल चालू आहे. इंजेक्शनं फ्रिजमध्ये, दह्याच्या वरच्या कप्प्यात. संध्याकाळी सहाला गजर होतो, हे पोटावर सुई देतात, मी कापूस दाबून धरते. जवळच्या मशिदीतून मगरिबची अजान येते, आणि आम्ही दोघं सांजवात लावतो.